आधीच्या डागांची जबाबदारी दुकानाची नाही

सोमवार, ४ मार्च

सून सहा आठवड्यांपूर्वी घर सोडून गेली. मुलाने घटस्फोटाचा अर्ज केला आहे. नात कुणाकडे राहणार ते कोर्ट ठरवील. ती इथेच राहावी म्हणून ही वही.

वकील म्हणाले, "आजी, रोज लिहीत चला. पोरगी काय खाते, कधी झोपते, तिचं कोण करतं. आणि आईकडून येते तेव्हा कशी येते. तारीखवार हवं. बोललेलं वाऱ्यावर जातं." मी त्यांची आजी नाही, पण सल्ला बरोबर आहे म्हणून ऐकला.

मी त्रेसष्ट वर्षांची. खाली लॉन्ड्री, वर दोन खोल्या. हे गेल्यापासून दोन्ही माझ्या नावावर. रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, पुढेही शिकायचं होतं. पण लग्न लॉन्ड्रीत झालं. "डाग काढायला शिकलेली सून मिळाली," असं सासू येईल त्याला सांगायची. मुलगा छत्तीसचा, बाहेरची कामं बघतो. नात सातची. लहानपणी काउंटरखाली बसून तुटक्या गुंड्यांच्या डब्याशी तासन्‌तास खेळायची, म्हणून तिला गुंडी म्हणतात. इस्त्रीवर मामा आहेत. ते कुणाचेच मामा नाहीत, पण तीस वर्षांत दुसरं नाव उरलेलं नाही.

निकाल लागेपर्यंतची सोय अशी: गुंडी इथे राहील. दर शुक्रवारी संध्याकाळी सहा ते रविवारी संध्याकाळी सहा आईकडे. सुनेने बस डेपोमागे एक खोली घेतली आहे आणि एका हॉटेलच्या धुलाईखात्यात कामाला लागली आहे. म्हणजे इथे जे करत होती तेच, लोकांकडे.

या वहीत पाहिलेलं तेवढंच लिहीन. वाटलेलं लिहिणार नाही.

शुक्रवार, ८ मार्च

आज गुंडीला पहिल्यांदा आईकडे दिलं.

दुपारी काउंटरवर बसल्याबसल्या सुचलं. गिऱ्हाईक कोट आणतं तेव्हा आपण तो त्याच्यासमोर उलगडतो. कॉलर विरलेली, दुसरी गुंडी नाही, डाव्या बाहीवर तेलाचा डाग. पावतीवर तसं लिहितो, सही घेतो. वरची पावती त्याची, कार्बनखालची आपली. मग नेताना "हा डाग तुम्हीच पाडलात" म्हणायची सोय राहत नाही. भिंतीवर सासूने रंगवून घेतलेली पाटीच आहे: आधीच्या डागांची जबाबदारी दुकानाची नाही.

नवं पावती पुस्तक काढलं. सहा वाजता सून दारात आली. आत ये म्हटलं, आली नाही. मी गुंडीला उजेडात उभी केली, बाह्या वर केल्या, मोजे खाली केले. पावती क्रमांक एक: मुलगी एक. उजव्या गुडघ्यावर खपली, जुनी. वरचा एक दात नाही. नखं कापलेली. फ्रॉक, स्वेटर, बूट, रिबिनी दोन.

"सही कर," म्हटलं.

सून बघत राहिली. "आई, ती काय कोट आहे?"

"कोट असता तर एवढं लिहिलं नसतं."

तिने सही केली. नऊ वर्षं याच काउंटरवर तिने अशा पावत्या फाडल्या आहेत, त्यामुळे वरची कुठली, खालची कुठली हे सांगावं लागलं नाही. पावतीची घडी करून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली. मामा इस्त्री आपटत होते. त्यांना काही म्हणायचं असलं की ते इस्त्री आपटतात.

मुलगा घरी नव्हता. हॉटेलवाल्यांकडे वसुलीला गेला होता.

रविवार, १० मार्च

सहाला पाच मिनिटं असताना परत आली. पावती क्रमांक दोन: खपली पडलेली, खाली गुलाबी कातडी. एक रिबीन नाही. केसांना वेगळं तेल.

तपासताना "आजी, गुदगुल्या होतात" म्हणून हसत होती. मी म्हटलं, सरळ उभी राहा.

बुधवार, १३ मार्च

वकिलांना हवा तसा एक दिवस लिहिते.

साडेसहाला मी उठवलं. दूध मी दिलं. वेणी मी घातली. घट्ट होते म्हणून कुरकुर केली. शाळेत मी सोडलं, चालत, अकरा मिनिटं. दुपारी मी आणलं. मी दुकानात, ती काउंटरखाली. गृहपाठ मामांनी घेतला, कारण पाढे त्यांना माझ्यापेक्षा बरे येतात. रात्रीचं जेवण मी वाढलं. आईचा फोन साडेसातला, सहा मिनिटं. मुलगा नऊला आला तेव्हा ती झोपली होती. त्याने दारातून पाहिलं.

लिहिलेलं परत वाचलं. वकिलांनी म्हटलं होतं "वडील काय करतात ते विशेष लिहा." मुलाला कामं फार असतात, हे इथे नोंदवून ठेवते.

सोमवार, १८ मार्च

वकिलांकडे. आज पैशांचं.

सुनेच्या बाजूच्या वकीलबाईंनी कागद पाठवला आहे. नऊ वर्षं दुकानात काम केलं त्याचा मोबदला हवा. वाफेची इस्त्री तिची सोन्याची साखळी मोडून घेतली, ती हवी. मुलीचा ताबा हवा, आणि मुलीचा खर्च.

मी म्हटलं, "घरच्या कामाला पगार कसला? मी याच दुकानात सासूच्या हाताखाली वीस वर्षं काढली. मी कुणाकडे मागितला?"

वकील हसले. "तेच तर. दुकान तुमच्या नावावर, घर तुमच्या नावावर. नवऱ्याच्या नावावर काही नाहीच, तर वाटा कशाचा घेणार? आणि पोरगी इकडे राहिली की खर्चाचाही प्रश्न मिटला. उलट तिनेच द्यायचा." मुलगा मान डोलवत होता. गुंडीचं नाव त्या अर्ध्या तासात आकड्यातच आलं.

दुकानात येऊन मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बाई, मग नऊ वर्षं काउंटरवर कोण होतं? भूत?"

"तुम्ही इस्त्री बघा."

"बघतोय की. तिच्याच साखळीची आहे."

भांडण या पगारावरूनच झालं होतं, हे लिहायला हरकत नाही, कारण ते पाहिलेलं आहे. जानेवारीत एका सकाळी सून चहाचे कप ठेवून म्हणाली, "मला महिन्याला काहीतरी ठरवून द्या. माझ्या हातात माझे म्हणून चार पैसे असावेत." मुलगा हसला. "घरमालकीण भाडं मागायला लागली," म्हणाला. विनोद बरा होता. मीही हसले असेन. पुढच्या आठवड्यात तिने हॉटेलातलं काम धरलं, तेव्हा मुलगा म्हणाला, तिकडेच राहा. ती गुंडीला घेऊन निघाली होती. दप्तर आणि शाळा इथे आहे म्हणून गुंडीला मी थांबवलं.

रविवार, २४ मार्च

गुंडी आत आली ती सरळ दिव्याखाली जाऊन उभी राहिली. दोन्ही हात बाजूला पसरले. स्वतःभोवती एक फेरी मारली, तोंड उघडून दात दाखवले आणि म्हणाली, "गुडघा, जुनं. कोपर, जुनं. नवीन काही नाही. आजी, लिही."

मुलीला शिस्त लागते आहे. पावती क्रमांक सहा.

मामा म्हणाले, "आता तिला हँगरला लावा, म्हणजे झालं."

गुरुवार, २८ मार्च

शाळेतून येताना गुंडी हात सोडून रस्त्यात धावली. समोरून ट्रक येत होता. धरून आणली. बाकी दिवस नेहमीसारखा.

शुक्रवार, २९ मार्च

पावती क्रमांक सात: डाव्या दंडावर निळसर डाग, चार, ओळीने. आतल्या बाजूला एक.

मुलगा आज घरी होता. खांद्यावरून वाचून म्हणाला, "हे कशाला लिहितेस?"

"आहे ते लिहायचं."

"आई, हे आपल्याकडून जाताना आहे. कळतंय का तुला?"

मी म्हटलं, आपल्या धंद्यात डाग कशाचा ते विचारायचं नसतं, कुठे आहे तेवढं लिहायचं. मूळ पावती फाडून सुनेला दिली. तिने पावती वाचली. मग गुंडीची बाही वर करून पाहिली, परत खाली केली. सही करताना तिचं पेन दोनदा अडलं. पेन दुकानातलं होतं, बदलायला झालं आहे.

रविवार, ३१ मार्च

पावती क्रमांक आठ: डाव्या दंडावर पिवळट डाग, चार. आतल्या बाजूचा दिसत नाही.

सोमवार, ८ एप्रिल

वकिलांना पावती पुस्तक दाखवलं. ते एकेक पान उलटत होते. आठ क्रमांकाशी थांबले आणि खुर्चीत सरळ झाले. "आजी! हे आधी का नाही दिलंत? रविवारी आईकडून आली आणि दंडावर बोटांचे डाग!"

म्हटलं, "आधीचं पान बघा."

"आधीच्या पानाचं काय करायचंय? हेच पुरे." त्यांनी आठ क्रमांक फाडून घेतला.

पुस्तकातून पान फाडलेलं मला चालत नाही. अनुक्रमांक तुटतो. तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, झेरॉक्स काढून परत देतो. मुलगा खिडकीतून बाहेर बघत होता. येताना बसमध्ये म्हणाला, "तू फक्त विचारलं तर बोल. नाही विचारलं तर नको." मी काही खोटं बोलणार नाही आणि कुणी मला खोटं बोलायला सांगितलेलंही नाही.

मंगळवार, १६ एप्रिल

वकिलांचा अर्ज कोर्टाने ऐकला. आई मारते असा संशय म्हणून पुढच्या तारखेपर्यंत, म्हणजे सहा मेपर्यंत, सुनेकडे पाठवणं बंद. फोनही आठवड्यातून दोनदाच.

मुलगा खूश होता. गुंडीला रंगपेटी आणली. चोवीस रंगांची. असा खर्च तो सहसा करत नाही.

शुक्रवार, १९ एप्रिल

पावणेसहाला गुंडी बूट घालून तयार. तिला सांगितलं होतं, आज नाही. "माहितीये," म्हणाली. तरी दप्तरात रात्रीचे कपडे भरलेले होते. सहाला दिव्याखाली जाऊन उभी राहिली आणि हात पसरले.

मी म्हटलं, "अगं, आज कुठे जायचं नाही."

"मग नुसतं लिही."

पावती फाडली नाही. मामांनी मधेच मशीन बंद केलं. सव्वासहाला ती हात खाली घेऊन काउंटरखाली जाऊन बसली. मी बटाटे सोलले. तीन माणसांना लागतात त्याच्या दुप्पट सोलले गेले.

बुधवार, २४ एप्रिल

कोर्टाच्या समुपदेशक बाई घरी आल्या. खोल्या पाहिल्या, गुंडी कुठे झोपते ते पाहिलं. गुंडीशी एकटीशी बोलायचं म्हणून मला बाहेर काढलं. दार ओढलेलं होतं. मी ऐकत नव्हते, पण जिन्यातली पायरी मोडकी आहे, ती बघत होते.

बाई विचारत होत्या, "दंडाला काय लागलं होतं गं?"

"तो आधीचा आहे."

"कधीचा आधीचा? आईकडे लागलं का?"

"आधीचा आहे. आधीच्याची जबाबदारी नसते."

"असं कोण म्हणतं?"

"पाटी आहे ना खाली."

निघताना मला बाई म्हणाल्या, "हुशार आहे. फार जपून बोलते. इतक्या लहान मुलीने इतकं जपून बोलू नये." मी म्हटलं, आमच्याकडे मोठ्यांशी जपूनच बोलतात.

जेवताना विचारलं, "बाईंना खरं का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "मग तुझा नंबर जाईल." कसला नंबर, विचारलं. शाळेत चूक केली की रांगेत मागे पाठवतात, म्हणाली. "बाबा मागे आहेत, आई बाहेर आहे. तू पण गेलीस तर मला शाळेत कोण सोडणार?"

मी तिला पोळी संपव म्हटलं.

मंगळवार, ३० एप्रिल

सून दुपारी दुकानात आली. गिऱ्हाईक नव्हतं. काउंटरच्या पलीकडे उभी राहिली. या काउंटरच्या त्या बाजूला मी तिला कधी पाहिली नव्हती. बारीक झाली आहे. हातांना चटके आहेत. हॉटेलवाले मोठ्या रोलरवर चादरी काढतात, तिथे वाफ अंगावर येते. आपल्याकडे मी तिला बाह्यांचे हातमोजे घ्यायला लावायचे.

तिने पर्समधून सात क्रमांकाची पावती काढून काउंटरवर ठेवली. मूळ. चार घड्या पडलेली.

"ही मी वकीलबाईंना दाखवली नाही," म्हणाली.

"का?"

"दाखवली तर विचारतील, कुणाचा हात. मग गुंडीला कोर्टात बोलावतील. ती तुमचं नाव घेणार नाही, आई. माझ्यापुढेही घेतलं नाही. खोटं बोलेल. सात वर्षांच्या पोरीला मला त्या खुर्चीत बसवून खोटं बोलायला लावायचं नाही."

"मग तुझं काय?"

"माझं काय ते तुमच्या हातात." एवढं बोलून थोडी हसली. "पावती दाखवल्याशिवाय द्यायचं नाही, तुम्हीच शिकवलंत. ही घ्या, दाखवली. तुमचीच आहे, ठेवा. फाडायची तर फाडा. नक्कल तुमच्याच पुस्तकात आहे, दोन्ही फाडल्यात तर विषय मिटला."

"मी पानं फाडत नाही."

"ते माहीत आहे म्हणूनच आले." मामांकडे वळून म्हणाली, "मामा, बॉयलरचं पाणी बघा, काचेतली रेघ खाली गेली आहे." मामा म्हणाले, "तू गेल्यापासून ती खालीच आहे, पोरी." ती गेली.

पाणी खरंच कमी होतं.

बुधवार, १ मे

गुरुवार २८ मार्चची नोंद पुन्हा वाचली. "धरून आणली" असं लिहिलं आहे. कुणी, ते लिहिलेलं नाही. पाहिलेलं तेवढंच लिहीन असं पहिल्या दिवशी म्हटलं होतं. हेही पाहिलेलंच आहे, तेव्हा राहिलेलं लिहिते.

समोरच्या फुटपाथवर हिरव्या कोटातली एक बाई चालली होती. गुंडी "आई" म्हणाली आणि हात सुटला. सुनेचा हिरवा कोट वर कपाटात आहे, ती तशीच गेली तेव्हा राहिला. गुंडीला ते माहीत आहे. ती कधीकधी कपाट उघडून त्यात तोंड घालते, मी पाहिलं आहे. तरी धावली. मी मागून तिचा दंड धरला. ट्रक गेला. इथपर्यंत कुणीही केलं असतं.

ट्रक गेल्यावर सोडायला हवं होतं. मी सोडलं नाही. दुकानाच्या दारापर्यंत, सहा-सात मिनिटं, तसंच धरून आणलं. वाटेत ती "आजी, दुखतंय" म्हणाली. मी म्हटलं, "आई नव्हती ती. तुझी आई गेली आहे." ती गप्प झाली म्हणून मला वाटलं होतं, दुखायचं थांबलं.

शुक्रवार, ३ मे

मुलाला सांगितलं, सात क्रमांकाचं मी कोर्टात सांगणार. तो आधी ओरडला, मग समजूत घालायला लागला. "हे बघ, पोरगी गेली तर खर्च द्यावा लागेल. ती पगाराचंही सोडणार नाही. दुकानाचं काय होईल?"

मी विचारलं, "तुला गुंडी हवी आहे का?"

"म्हणजे काय! माझी मुलगी आहे."

"तिचा कुठला दात पडला आहे?"

तो चिडला. हा काय प्रश्न झाला, म्हणाला. मला माहीत आहे: वरचा डावा. आता अर्धा आला आहे.

त्याच्यावर पूर्ण दोष नाही. तो लहान असताना मी काउंटरवर असायचे. त्याचा कुठला दात कधी पडला, मलाही सांगता येणार नाही.

सोमवार, ६ मे

कोर्ट. आमचा नंबर साडेबाराला लागला. खोली लहान, पंखा आवाज करणारा. न्यायाधीश बाई माझ्याच वयाच्या.

आमचे वकील आठ क्रमांकाची पावती दाखवून बोलत होते. "आजींनी स्वतः, त्याच संध्याकाळी केलेली नोंद," वगैरे. त्यांनी मला काही विचारलं नाही. मी उभी राहिले. वकिलांनी खूण केली, बसा. मी बसले नाही.

"बाईसाहेब, पुस्तक क्रमाने वाचायचं असतं. आठच्या आधी सात आहे." मूळ पावती आणि पुस्तक दोन्ही पुढे ठेवलं.

त्यांनी सात वाचली, तारीख पाहिली. मग चष्मा काढून विचारलं, "हा डाग कशाचा?"

चाळीस वर्षांत काउंटरवर मला हे कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी मी पाटी दाखवली असती.

"माझ्या हाताचा."

"मारलंत?"

"नाही. धरलं. सोडायला उशीर केला."

सुनेच्या वकीलबाई कागद चाळायला लागल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं हे उघड होतं. सून माझ्याकडे बघत नव्हती. मी म्हटलं, आणखी सांगायचं आहे. रोज कोण काय करतं ते मी लिहिलं आहे, ही वही घ्या. त्यात मुलीच्या वडलांचं फारसं काही सापडणार नाही. आईचंही नाही, कारण ती इथे नव्हती. पण ती होती तेव्हाचं मी लिहीत नव्हते, लिहायची गरज नव्हती, सगळं आपोआप होतं असं वाटायचं. आणि नऊ वर्षांच्या दुकानाच्या पावत्या तिच्या अक्षरात आहेत. पोत्यात भरून माळ्यावर आहेत. पगार तिने मागितला तेव्हा मी हसले होते.

न्यायाधीश बाई म्हणाल्या, "तुमच्या बाजूच्या विरुद्ध बोलताय, कळतंय ना?"

म्हटलं, "पावती दोघांची असते."

पावती पुस्तक कोर्टात जमा झालं. ही वही त्यांनी चाळून, काही पानांच्या नकला काढून परत दिली.

बाहेर मुलगा माझ्या आधी बसमध्ये चढला आणि पुढच्या सीटवर बसला. उतरेपर्यंत मागे वळला नाही.

सोमवार, २७ मे

निकाल. गुंडी आईकडे. वडलांनी एक शनिवार सोडून एक शनिवार, दहा ते पाच भेटायचं. दर महिन्याचा खर्च त्याने द्यायचा. दुकान माझं असल्याने त्यात सुनेला वाटा मिळत नाही. पण इस्त्री तिच्या साखळीची आहे हे मी लिहून दिलं होतं, ती तिला. नऊ वर्षांचं मी वेगळ्या कागदावर लिहून दिलं: मामांना सुरुवातीला जे देत होतो त्या दराने, हप्त्यांनी. वकील म्हणाले, कोर्टाने सांगितलेलं नाही. म्हटलं, मला ठाऊक आहे.

सगळं वाचून झाल्यावर मी विचारलं, "आजीचं कुठल्या पानावर आहे?"

"कसलं?"

"भेटायचं. मला कधी भेटायचं?"

वकिलांनी कागद उलटे करून पाहिले. "तुमचा हक्क वेगळा मागावा लागतो. आपण मागितलाच नव्हता ना. पोरगी तुमच्याच घरात होती, तेव्हा कुणाच्या लक्षात येणार?"

माझ्याही लक्षात आलं नव्हतं. मी बाकी सगळं लिहिलं होतं.

गुरुवार, ३० मे

सुनेचा हिरवा कोट कपाटातून काढला. कॉलरवर दुधाचे, रंगपेटीतल्या रंगाचे, आणि नाकाचे डाग. सात वर्षांच्या मुलीचं तोंड पोचतं तिथे. काय लावायचं ते मला माहीत आहे. बाटली हातात घेतली. मग कॉलर सोडून बाकीचा कोट धुतला. कोटाला दुसरी गुंडी नव्हती. डब्यातून जुळती शोधायला गुंडीने मदत केली. तिला पाऊण तास लागला. घाई नव्हती.

शुक्रवार, ३१ मे

सून सहाला आली. हॉटेलची गाडी घेऊन, इस्त्री न्यायची म्हणून. या वेळी आत आली. मामांनी इस्त्रीचं तोंड पुसून पुसून चकचकीत केलं होतं. "आता मी काय आपटू?" म्हणाले. सून म्हणाली, "जुनी लोखंडाची आहे की, मामा. तिचा आवाज जास्त येतो."

मुलगा वर होता. खाली आला, गुंडीच्या डोक्यावर हात ठेवला, "शनिवारी येतो" म्हणाला. कुठल्या शनिवारी ते मी त्याला कागदावर लिहून दिलं आहे.

सुनेने निघताना मला विचारलं, "आई, तुम्ही?"

मी म्हटलं, "माझं त्यात काही लिहिलेलं नाही."

"पाटीवर पण बरंच काही नसतं," म्हणाली. एवढंच. याचा अर्थ काय धरायचा, मी ठरवलेलं नाही.

मग गुंडी सवयीने दिव्याखाली जाऊन उभी राहिली. हात पसरले. मी म्हटलं, नको. तिने हात खाली घेतले नाहीत. "लिही ना आजी, नाहीतर जाता येणार नाही." मला वाकावं लागलं. गुडघा दुखतो. किती वेळ तिला धरलं, ते मोजलं नाही.

पावती पुस्तक कोर्टात असल्याने दिलेल्याची नोंद इथे करते.

वाफेची इस्त्री एक, चालू, नळी मागच्या वर्षी बदललेली. शाळेचं दप्तर एक, वह्यांसह. फ्रॉक सहा, स्वेटर दोन, मोजे, बूट; बूट पुढच्या महिन्यात लहान होतील. रंगपेटी एक, हिरवा संपलेला. गुंड्यांचा डबा एक, झाकण नीट बसत नाही. हिरवा कोट एक, धुतलेला, दुसरी गुंडी लावलेली, कॉलरवर डाग, आधीचे, ठेवलेले.

मुलगी एक. तपासली नाही. सही घेतली नाही.